तराजूत टाकायच्या आधी

आमच्या वसमतच्या दुकानात मोड येते ती मुख्यतः दोन वेळा. एकदा लग्नसराईच्या तोंडावर आणि एकदा मृगाच्या आधी, बी-बियाण्याला पैसा लागतो तेव्हा. तांब्याचा हंडा, पितळी परात, घंगाळ, बंब, बूड गेलेली तपेली, दांडा तुटलेली पळी, सगळं पोत्यात कोंबून मोटारसायकलवर बांधून आणतात. "काकू, एवढं जोखा बरं लवकर, गावाकडची गाडी निघंल." मी जोखते. तांब्याचा भाव वेगळा, पितळेचा वेगळा, कासं असलं तर आणखी वेगळा. सासऱ्यांच्या काळापासून हा धंदा चालत आलेला आहे आणि आम्ही मापात कधी खोट केली नाही. पण तराजूला धातूचं वजन तेवढं कळतं. हिंगोली जिल्ह्याच्या घराघरांतून पोत्यात भरून जे बाहेर पडतं, त्यातल्या कितीतरी वस्तूंचं मोल तराजूवर दिसत नाही. माझ्यासमोरून हे सगळं जात असतं, म्हणून लिहायला बसले.

नाण्यांपासून सुरुवात करते, कारण भांड्यांच्या तळाशी हमखास नाणी निघतात. आजीनं डब्यात टाकलेली, देवघरात पुजलेली, नाहीतर चिंधीत बांधून उतरंडीत ठेवलेली. आपल्याकडे त्यात चारमिनारचा रुपया असतोच. आपला भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाचं चलन स्वतःचं होतं. त्याला हाली सिक्का म्हणत. इंग्रजी रुपयाला म्हातारी माणसं कलदार म्हणायची. एका कलदारला हालीचा एक रुपया, दोन आणे, आठ पै मोजावे लागत, म्हणजे सात हाली बरोबर सहा कलदार. हा दर कशावरून आला असेल ते धातूच्या धंद्यातल्या माणसाला लगेच उमगतं. हाली रुपया ११.१८ ग्रॅम वजनाचा आणि त्यात चांदी शेकडा ८१.८. कलदार ११.६६ ग्रॅमचा आणि त्यात चांदी शेकडा ९१.७. गुणाकार करून बघा, हालीत सव्वानऊ ग्रॅमच्या आतबाहेर चांदी निघते आणि कलदारमध्ये पावणेअकराच्या जवळ. सातास सहा!

या नाण्यावर चारमिनारच्या कमानीत एक अक्षर दिसतं. मीम असेल तर तो सहावे निजाम महबूब अली खान यांचा रुपया, ऐन असेल तर सातवे निजाम उस्मान अली खान यांचा. वर ९२ हा आकडा असतो. अबजद पद्धतीत प्रत्येक अक्षराला अंक असतो आणि मुहम्मद या नावाच्या अक्षरांची बेरीज ९२ होते. उस्मान अली खान यांच्या पहिल्या काही नाण्यांवर कमानीतलं ऐन अर्धवट आहे, नंतरच्या नाण्यांवर पूर्ण. सराफाच्या लेखी दोन्ही सारखी, संग्राहक मात्र या एवढ्याशा फरकासाठी भिंग घेऊन बसतो. ही नाणी ज्या टाकसाळीत पडली ती हैदराबादेतली सैफाबादची टाकसाळ आता संग्रहालय झाली आहे.

सन वाचताना लोक फार घोळ करतात. जवळाबाजारचे एक गृहस्थ एकदा चिंधी सोडून म्हणाले, "काकू, हे १३४३ सालचं हाय. सातशे वर्षांचं." त्यांनी मौलवींकडून आकडे बरोबर वाचून आणले होते. फक्त तो सन हिजरी होता. हिजरी १३४३ म्हणजे इसवी १९२४-२५. कागदपत्रांवर आणखी तिसराच सन असतो, फसली. हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास आजूर महिन्यानं सुरू व्हायचं. म्हणून फसली सनात डिसेंबरपर्यंत ५९० आणि जानेवारीपासून ५९१ मिळवले की इसवी सन मिळतो. खरेदीखतावर १३५० फसली दिसलं तर तो १९४०-४१ चा कागद समजावा. हा हिशेब घरातल्या पोरांना शिकवून ठेवा. पुढे सांगणार आहे त्या गोष्टीत त्याचा फार उपयोग आहे.

जुनं तेवढं महाग, ही समजूत मात्र डोक्यातून काढून टाकायला हवी. शिवराई हे तांब्याचं नाणं दोन-तीनशे वर्षांचं असू शकतं, तरी साधी, झिजलेली शिवराई आजही स्वस्तात मिळते, कारण ती दीर्घकाळ आणि फार मोठ्या संख्येनं पाडली गेली. उलट सहाव्या जॉर्जचा १९३९ चा चांदीचा रुपया वयानं कितीतरी लहान आहे, पण तो इतका थोडा टिकला की त्यासाठी संग्राहक मोठी रक्कम मोजतात. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि युद्धाच्या त्या वर्षांत जुने चांदीचे रुपये चलनातून काढून घेतले. भाव ठरतो तो किती उरलं, किती जणांना हवं आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे यावर. १९३९ च्या नकली रुपयांचा सुळसुळाट असतो, तेव्हा कोणी स्वस्तात देऊ केला तर हातसुद्धा लावू नये.

अवस्थेचं तर विचारूच नका. आपल्याकडे रुपयाला कडी जोडून गळ्यात घालायची रीत होती. ती माळ म्हणून सुंदर दिसते आणि माळ म्हणून तिचं मोल आहेच, पण नाणं म्हणून त्या रुपयाची किंमत डाग दिला त्या दिवशी संपली. आणि घासणं! विकायला आणायचं म्हणून माणसं आदल्या रात्री चिंच, राख, पितळ घासायची पावडर लावून नाणं लखलखीत करून आणतात. धातूवर वर्षानुवर्षांनी जो गडद थर बसतो तो नाण्याचं वय सांगतो. घासलेल्या नाण्यावरच्या बारीक ओरखड्यांनी ठशाची कड जाते आणि जाणकार ते क्षणात ओळखतो. भांडी घासायला सांगणारी मी, पण नाण्याला पाणीसुद्धा लावू नका असं कळकळीनं सांगते.

बिदरीच्या वस्तूचं नुकसान तर याहून वाईट. बिदरीचा हुक्का, पानदान, सुरई अजूनही इकडच्या देशमुखांच्या, जहागीरदारांच्या वाड्यांतून निघते. जस्तात थोडं तांबं मिसळून वस्तू ओततात, तिच्यावर नक्षी कोरून त्या खाचांत चांदीची तार ठोकून बसवतात आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती नवसागरासोबत उकळून तिचा लेप देतात. त्या लेपानं जस्त काळंभोर होतं आणि चांदी तशीच पांढरी राहते. काळ्यावर पांढरं, हीच तर सगळी कला. एका सूनबाईनं असं पानदान काथ्या आणि राखेनं घासघासून करडं करून आणलं होतं. "काळं पडलं होतं, आता बघा कसं निघालं," म्हणाली. मला तिला रागवता येईना. तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

कागदाच्या वस्तूंत नोटा आल्या. हैदराबाद संस्थानानं १९१८ पासून स्वतःच्या नोटा काढल्या आणि त्यांच्यावर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू, कानडी आणि इंग्रजीतही रक्कम लिहिलेली असे. म्हणजे आपल्या आज्यांना नोट वाचता यावी याची सोय केलेली होती. या नोटांची एक हकीकत मला फार आवडते. २० मे १९२२ रोजी 'इजिप्त' नावाची बोट फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ दुसऱ्या बोटीशी टक्कर होऊन बुडाली. तिच्यावर हिंदुस्थानात यायचं सोनं-चांदी होतं आणि हैदराबादच्या सही न झालेल्या नोटाही होत्या. इटालियन पाणबुड्यांनी १९३०च्या दशकात त्या खोल पाण्यातून सोनं वर काढलं, त्याबरोबर या नोटाही आल्या. ज्या नोटा कधी चलनात आल्याच नाहीत त्या भिजक्या कागदांना संग्राहकांनी पैसे मोजले, कारण प्रत्येक नोटेमागचा प्रवास माहीत होता.

नोटांचा विषय निघाला की फोनवरच्या फसवणुकीबद्दल सांगणं भाग आहे. ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाचाची नोट, ७८६ आकड्याची नोट, वैष्णोदेवीचं नाणं, "आमच्याकडे द्या, लाखो रुपये घ्या" अशा जाहिराती गावागावांत मोबाईलवर फिरतात. आमच्या गल्लीतल्या एका पोरानं फोटो पाठवला. त्याला उलट फोन आला, आधी नोंदणीचे पैसे भरा, मग कर भरा, मग पार्सलचा खर्च भरा. घरच्यांनी वेळीच थांबवलं म्हणून निभावलं. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं आहे की ती अशा व्यवहारात नाही, तिनं कोणाला असा अधिकार दिलेला नाही आणि ती कोणाकडून कसलं कमिशन मागत नाही. विकत घेणारा माणूस तुमच्याकडेच पैसे मागत असेल तर फोन ठेवून द्यावा.

आता ज्या गोष्टीसाठी फसलीचा हिशेब सांगितला तिच्याकडे येते. आमच्याकडे मोडीबरोबर रद्दीही येते. पत्र्याच्या पेटीसकट. त्यात मोडी लिपीतले आणि उर्दूतले कागद असतात. खरेदीखतं, कौलनामे, पावत्या, सेतवार, खासरा पाहणीच्या नकला, निजामाच्या शिक्क्याचे स्टॅम्प पेपर. कोणाला वाचता येत नाहीत, म्हणून वर्षानुवर्षं ते चुलीत गेले, उंदरांनी खाल्ले, नाहीतर पुड्या बांधायला गेले. रझाकारांच्या दिवसांत हद्द ओलांडून वऱ्हाडात गेलेल्या कुटुंबांनी अंथरुणाच्या वळकटीत घालून जे कागद वाचवले, ते नातवांच्या हातून असे संपत होते.

मग सप्टेंबर २०२३ आला. मराठवाड्यातल्या मराठा समाजाला कुणबी प्रमाणपत्रं देण्यासाठी निजामकालीन पुरावे कसे तपासायचे हे ठरवायला सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. समिती जिल्ह्याजिल्ह्यांत फिरली, हैदराबादच्या दप्तरातही शोध घेतला, आणि लोकांनी आपल्याजवळचे जुने महसुली कागद, सनदा, करारनामे, शाळेच्या नोंदी आणून द्याव्यात असं आवाहन झालं. एका आठवड्यात गावांचं चित्र बदललं. मोडी वाचणारा माणूस कुठे आहे, उर्दू वाचणारे मास्तर कोण, याची चौकशी करत माणसं हिंडू लागली. माळ्यावरच्या पेट्या खाली आल्या. आमच्या दुकानात येऊन लोक विचारायचे, "काकू, मागं आमच्या आबानं पेटी आणली होती तुमच्याकडं, त्यातले कागद राहिले का कुठं?" त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नसे. या प्रमाणपत्रांवर मिळणाऱ्या आरक्षणाच्या प्रश्नावर ज्याची त्याची मतं असतील. मी सांगते ती गोष्ट एवढीच की पणजोबाच्या नावापुढे लिहिलेला 'कुणबी' हा एक शब्द नातवंडाच्या कॉलेजप्रवेशापर्यंत पोचू शकतो, आणि तो शब्द ज्या कागदावर आहे तो आम्ही रद्दीच्या भावानं घेत होतो.

तेव्हापासून लोक कागद जपतात, पण चुकीच्या रीतीनं जपतात. सापडला कागद की लॅमिनेशन. गरम प्लॅस्टिक जुन्या कागदाला चिकटलं की पुन्हा सुटत नाही, आतली शाई तापते, आणि पुढे कोणाला तो नीट करायचा असला तरी करता येत नाही. चिकटपट्टीही लावू नये, तिचा डिंक पिवळा होऊन अक्षरांत उतरतो. आपल्या वाडवडिलांची पद्धत चांगली होती. सुती रुमालात गुंडाळायचा, मध्ये वेखंडाचा तुकडा ठेवायचा, भिंतीला टेकवायचा नाही, वर्षातून एकदा सावलीत उघडून बघायचा. मोबाईलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवावेत. छत्रपती संभाजीनगरला शासनाचं पुराभिलेखागार आहे, तिथल्या लोकांना या कागदांची भाषा कळते.

कागदांचा बाजारही आहे. निजामाचे स्टॅम्प पेपर आणि टपाल तिकिटं यांचे संग्राहक देशभर आहेत. हैदराबादचं पहिलं तिकीट १८६९ चं. १९३१ च्या मालिकेत तर अजिंठ्याच्या लेण्याचं प्रवेशद्वार आणि दौलताबादचा मनोरा आहे, म्हणजे आपल्याच मराठवाड्याची चित्रं. १९५० मध्ये संस्थानाचं टपाल खातं भारतीय टपालात मिळालं आणि ही तिकिटं बंद झाली. पत्र सापडलं की पोरं पहिल्यांदा तिकीट पाण्यात भिजवून सोडवतात, आणि व्यापारी स्टॅम्प पेपरचा वरचा ठसा कातरून घेतात. सुटं तिकीट कुठेही मिळतं. कळमनुरीचा किंवा वसमतचा टपाली शिक्का उमटलेलं अख्खं पाकीट मात्र क्वचितच मिळतं, म्हणून भाव त्या पाकिटाला असतो.

पुन्हा भांड्यांकडे येते. पुण्याला गेले होते तेव्हा राजा दिनकर केळकर संग्रहालयात माझी पावलं भांड्यांपाशी थबकली. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास गोळा करायला सुरुवात केली, पत्नी कमलाबाईंची त्यांना आयुष्यभर साथ होती, आणि लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं हे संग्रहालय उभं राहिलं. वीस हजारांच्या घरात वस्तू जमवून १९७५ मध्ये त्यांनी हा सगळा संग्रह राज्य सरकारला दिला. मी काचेत बघते तर अडकित्ते, दिवे, चुन्याच्या डब्या, दौती, स्वयंपाकाची भांडी. राजेराण्यांचं फार थोडं, आमच्या तराजूत येतं तेच जास्त. तिथेच मला पटलं की मापांचं मोल पूर्ण संचात असतं. कोळवं, चिपटं, मापटं, शेर, अडिशरी, पायली, दर पुढचं माप मागच्याच्या दुप्पट. १९५८ पासून दशमान पद्धत आली आणि ही मापं घराघरांत अडगळ झाली. भाऊ वेगळे झाले की एकाकडे पायली गेली, दुसऱ्याकडे शेर. सुट्या मापट्याला मोडीचाच भाव मिळतो. एकाच कारागिराच्या हातचा, सरकारी ठसा असलेला, लहानापासून मोठ्यापर्यंत पूर्ण संच असेल तर घेणारा माणूस पुण्या-मुंबईहून इथवर येतो. भांड्यावर घातलेलं नाव, गाव, सनही नीट बघावं. औंढ्याकडच्या एका घंगाळावर आजीचं माहेरचं नाव आणि लग्नाचं साल होतं, आणि त्या घरात त्या माउलीच्या माहेरचा लेखी पुरावा तेवढाच उरला होता. नातू पोतं घेऊन आला होता, घंगाळ बाजूला काढून परत घेऊन गेला.

कापडाकडे तर कोणी बघतच नाही. जुन्या पैठणीच्या जरीत चांदी असते, म्हणून फाटकी पैठणी जाळून राखेतून चांदी काढणारे फेरीवाले अजून फिरतात. आणि आपल्या जिल्ह्यातल्या बंजारा तांड्यांवर तर खजिना आहे. फेटिया (घागरा), कांचळी (चोळी), टुकरी (ओढणी), त्यांवरचं हातचं भरतकाम, आरसे, कवड्या, जोडलेली नाणी. शहरातले व्यापारी तांड्यावर येऊन म्हाताऱ्या बायांकडून दोन नव्या साड्यांच्या बदल्यात ते घेऊन जातात आणि तुकडे करून त्याच्या पर्स, उशांचे अभ्रे बनवतात. एका बाईनं एक फेटिया भरायला वर्ष-वर्ष घातलेलं असतं. विकायचाच असेल तर अखंड विका, कोणी भरला, कोणत्या तांड्यावर, ते लिहून सोबत द्या. दहा पर्सना मिळून जे येणार नाही ते जाणकाराकडून एका अखंड फेटियाला मिळू शकतं. माझ्या दुकानात येणाऱ्या तांड्यावरच्या पोरींना मी हे दर वेळी सांगते.

विकताना कायदाही पाळावा लागतो. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू, आणि ऐतिहासिक मोलाचं पंच्याहत्तर वर्षांहून जुनं हस्तलिखित किंवा दस्तऐवज हे पुरावशेष धरले जातात. ते घरात बाळगायला हरकत नाही, पण देशाबाहेर पाठवता येत नाहीत, व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो, आणि दगडाच्या, धातूच्या मूर्ती, चित्रं अशा वस्तूंची पुरातत्त्व खात्याकडे नोंदणी करावी लागते. नातेवाईक परदेशात आहेत म्हणून देवघरातली जुनी मूर्ती बॅगेत घालून पाठवू नका.

जमिनीत सापडलेल्या वस्तूंना याहून जुना, १८७८ चा कायदा लागू आहे. सेनगाव भागातल्या एका शेतकऱ्याला विहिरीच्या खोदकामात गाडगं सापडलं, त्यात काळी पडलेली नाणी. त्यातली चार घेऊन तो आमच्याकडे आला, कारण त्याला कोणीतरी सांगितलं होतं की सरकारला कळलं तर सगळं जाईल. मी त्याला बसवून चहा दिला आणि माझ्या नवऱ्यानं त्याला कायदा समजावला. दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. मूळ मालक पुढे आला नाही तर सापडणाऱ्याला तीन हिस्से आणि जमीनमालकाला एक हिस्सा. सरकारला ते संग्रहासाठी हवं असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन सरकार घेऊ शकतं. लपवलं तरच हक्क जातो आणि शिक्षाही होते. "म्हणजे शेत माझं, विहीर माझी, सापडलंबी मलाच," तो बोटांवर मोजत म्हणाला, "मंग चारी हिस्से माझेच की." बरोबरच होतं त्याचं. गाडगं फोडू नकोस, नाणी धुऊ नकोस, जिथे सापडलं तिथला फोटो काढून ठेव, असं सांगून आम्ही त्याला तहसीलचा रस्ता दाखवला.